सॅम्पल फ्लॅटमधली झोप

घर ही वस्तू हाताळण्याचा सराव असल्याशिवाय ती कोणाच्या हाती देऊ नये, आणि ती हाती आल्याशिवाय सराव होत नाही. आमच्या संस्थेचे सगळे काम या दोन सत्यांच्या मधल्या जागेत चालते. (जागा प्रशस्त आहे.)

शहाडला संस्थेच्या देणगीतून बांधलेल्या खोल्या आहेत. वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या माणसाला त्यातली एक कायमची द्यायची, आणि डॉक्टर, समुपदेशक, काम शोधून देणारा अशी मदत तिथेच पोचवायची, ही योजना. काही देशांत आधी घर देतात, मदत मागाहून. परिणाम चांगले आहेत. पण त्यात माणूस सुधारण्याआधीच सुखी होतो, हे समितीला पटले नाही. म्हणून आपल्याकडे आधी 'गृहवास प्रशिक्षण', मग परीक्षा; तिचा पहिला प्रश्न परीक्षकांसाठी: 'हे शेजारी म्हणून चालतील का?'

त्यासाठी माजिवड्याच्या एका बिल्डरने अर्धवट टॉवरमधला सॅम्पल फ्लॅट दिला. फ्रिज पुठ्ठ्याचा, सफरचंदे प्लॅस्टिकची, नळामागे पाइप नाही. संध्याकाळी कुलूप. प्रशिक्षणार्थी रात्री आपापल्या पुलाखाली परततात, म्हणजे तीही सवय मोडत नाही.

पहिल्या प्रशिक्षणार्थी मंजुळाबाई. नवरा गेल्यावर दिराने बाहेर काढले, तेव्हापासून उड्डाणपुलाखाली. पास झाल्या तर शहाडची खोली त्यांची.

आत येताच त्यांनी विचारले, "पाणी किती वाजता येतं?" असा फ्लॅट विकत घ्यायला बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि चोखंदळ ठरतो. बेघराने विचारले की ती 'अवास्तव अपेक्षा'. मग त्यांनी दाराला आतून कडी लावली, ओढून पाहिली, आणि पलंगावर पडून गाढ झोपल्या. 'पाहुण्यांचे स्वागत' हा विषय घ्यायला आलेली प्रशिक्षक संचिता बाहेरून दार वाजवत राहिली.

"अहो मावशी, घर काय झोपायला असतं?" दार उघडल्यावर तिने विचारले.

"मग कशाला असतं गं? पुलाखाली डोळा लागला की पिशवी गेलीच. रात्रभर राखण करते मी."

"रोज अशाच झोपलात तर समितीला काय सांगू?"

"सांग, बाई राहायला शिकली."

मी विज्ञानाचा पदवीधर. तुलनेसाठी घर असलेला माणूसही तपासावा, असे मी सुचवले. अध्यक्ष बाळकाका स्वतः तयार झाले, आणि थोड्याच वेळात सोफ्यावर तोंड उघडे टाकून घोरू लागले. त्यांच्या नावापुढे शेरा पडला: 'घरात छान रुळतात.' मंजुळाबाईंच्या नावापुढे: 'घराचा गैरवापर.'

मी विसंगती दाखवली.

"अरे, मी दमलो होतो," बाळकाका म्हणाले.

"त्याही दमल्या असतील, काका."

"त्या कशाने दमतील? घर आहे का आवरायला?"

या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. (अध्यक्षांच्या युक्तिवादात ती सहसा सापडत नाही.) मंजुळाबाई नापास. शहाडच्या खोल्या रिकाम्याच असून तिथल्या रहिवाशांची एकही तक्रार नाही, हे वार्षिक अहवालात ठळक छापले आहे.

एव्हाना तुम्हाला समितीचा राग आला असेल. त्या रागाने मला फार बळ आले. म्हणून मंजुळाबाईंना कोणत्याही परीक्षेविना राहता यावे यासाठी मी तुमच्याच मजल्यावरचा बंद फ्लॅट सुचवला आहे. मालक परदेशी असतो, त्याची हरकत नाही. फक्त शेजाऱ्यांची संमती हवी, म्हणजे तुमची.

आत्ता तुमच्या मनात जो पहिला प्रश्न आला, तोच आमच्या परीक्षेतही पहिला आहे.