नाना कोरियन हॉटेलात जेवले तो रविवार

माझे सासरे, नाना, कुठल्याही हॉटेलात गेले की आधी स्वयंपाकघर बघून येतात आणि मगच बसतात. पिंपरीच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं त्यांनी इंजिनाचे सुटे भाग तपासले. रिटायर झाल्यावर भाग सुटले, तपासणी सुटली नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचे तीनच शेरे: पास, रिजेक्ट आणि होल्ड. माझं स्थळ सहा महिने होल्डवर होतं.

अशा माणसाला आम्ही एका रविवारी दुपारी चाकणच्या कोरियन हॉटेलात नेलं ते केतकीसाठी. केतकी माझी मेहुणी, महाळुंग्याच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी. कंपनी तिला दोन वर्षं कोरियाला पाठवत होती. व्हिसाही आला होता, पण नानांना पत्ता नव्हता. सासूबाई गेल्यापासून चिंचवडच्या घरात हे दोघंच, त्यामुळे घरी सांगायचा तिला धीर होत नव्हता. चार लोकांत नाना आवाज चढवणार नाहीत, असा माझ्या बायकोचा, सुजाताचा अंदाज.

नाना आतून आले. भांडी पास होती. मग न मागवलेल्या सहा वाट्या टेबलावर आल्या, त्या जेवणाबरोबर फुकटच येतात असा केतकीने खुलासा केला. आंबवलेला कोबी त्यांनी हुंगला, जरासा चाखला आणि होल्डवर ठेवला. खायच्या स्टीलच्या काड्या सरळ आहेत का, हे टेबलावर लोळवून पाहिलं. एक किंचित वाकडी निघाली, ती बदलून घेतली. आणि जेवले चमच्याने.

आम्हाला हसू येत नव्हतं. टेबलाखालून सुजाताचा पाय मला लागत होता, जणू बोलायचं मलाच होतं. केतकीने भात नुसता चिवडला होता.

"तू जेवत का नाहीस?" नानांनी विचारलं.

"नाना, मी कोरियाला चाललेय. पुढच्या महिन्यात. दोन वर्षांसाठी."

नानांनी चमचा खाली ठेवला. कंपनीने लेखी दिलंय का, राहायची सोय काय, थंडी किती, असं एकेक विचारलं. केतकीने पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. शेरा मात्र आला नाही. ते उठले आणि हात धुवायला गेले.

दहा मिनिटं झाली तरी परतले नाहीत. केतकीचे डोळे भरले. सुजाताने मला पाठवलं.

नाना काउंटरपाशी उभे होते. हॉटेलची मालकीण पन्नाशीची कोरियन बाई. तिला ते आपल्या कारखान्यातल्या हिंदीत विचारत होते, इकडे आल्यावर पहिल्या वर्षी सगळ्यात जड काय गेलं?

बाईने जरा विचार केला. "शाम," ती म्हणाली. "काम खतम. घर जाओ, कोई नहीं."

नानांनी मान हलवली. "मेरा भी वही होगा," म्हणाले.

मला पाहिल्यावर ते टेबलाकडे निघाले. बसल्या बसल्या त्यांनी केतकीला विचारलं, तिकडे संध्याकाळचे सात वाजले की इकडे किती?

"साडेतीन."

"मग मी रोज साडेतीनला फोन करीन. दुपारी मी मोकळाच असतो."

सुजाताला राहवलं नाही. "आणि नाना, तुमच्या संध्याकाळी?"

नाना केतकीच्या ताटात भात वाढत होते. "तेव्हा तिकडे रात्र झालेली असेल," ते म्हणाले. "झोपू दे तिला."