पोटॅशियमची पुडी

नणंदेचं पाठांतर ऐकायचं मी कबूल केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. साक्षी बारावी सायन्सला, इथंच मंठ्यात कॉलेज. (मी सातवी. पण पुस्तक समोर धरायला सातवी पुरते.)

त्या दिवशी मूलद्रव्यांचा तक्ता होता. पहिल्या उभ्या रांगेवर बोट ठेवून ती म्हणाली, "वहिनी, ह्या रांगेत जितकं खाली जाशील तितकं तापट. लिथियम पाण्यात टाकलं तर नुसतं फसफसतं, सोडियम पाण्यावर पळत सुटतं, आणि पोटॅशियम तर पेटतंच."

"आणि पलीकडची रांग?"

"तिथं उलटं. वरचं जास्त तापट. हा बघ क्लोरीन, विषारी वायू."

मला लगेच पटलं. माहेरी आमचा सगळ्यात धाकटा भाऊ तापट, आणि सासरी सगळ्यात वर सासूबाई. (हे मी मनातच ठेवलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या प्रेमला जुलाब लागले. दीड वर्षाचं लेकरू, डोळे खोल गेलेले, नुसतं माझ्या खांद्यावर पडून. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांनी तपासलं आणि एक पुडी दिली. लिटरभर पाणी उकळून गार करा, त्यात कालवा, चमच्या-चमच्यानं पाजत राहा, म्हणाले.

घरी येऊन पाणी गार केलं. पुडी फाडणार, तोच मागची बारीक अक्षरं दिसली. इंग्रजी मी जोडून जोडून वाचते. सोडियम. क्लोराइड. आणि त्याच्या खाली पोटॅशियम.

"अहो," मी ह्यांना हाक मारली, "हे पेटतंय."

"काय पेटतंय? गॅस तर बंद हाय."

"पुडी. पोटॅशियम हाय तिच्यात. पाण्यात टाकलं की भडका उडतो. खालच्या रांगेतलं हाय."

"मंग ते पुडीत कुणी टाकलं?"

साक्षीला फोन लावला तर बंद. वर्गात असणार. पाजावं तर भडका, न पाजावं तर लेकरू सुकून चाललंय. शेवटी ठरलं, अंगणात कालवायचं. पातेलं मधोमध ठेवलं. ह्यांनी गाडीचं हेल्मेट घातलं आणि पुडी चिमट्यात धरली. मी प्रेमला घेऊन दाराआड, समोर भाकरीची परात धरून.

तेवढ्यात शेजारून सासूबाई आल्या.

"मिथुन, हेल्मेट घालून कुठं निघाला रे?"

"कुठं न्हाई, आई. औषध कालवून राह्यलो."

ह्यांनी पुडी उलटी केली. पांढरी भुकटी गुपचूप तळाला गेली. आम्ही वाट बघत राहिलो.

"झालं का?" मी परातीमागून विचारलं.

"काहीच न्हाई झालं. उशिरा पेटतं का हे?"

कॉलेजातून आलेली साक्षी फाटकातच थबकली. पातेलं बघितलं, हेल्मेट बघितलं, परात बघितली.

"वहिनी, अगं मिठासारखंच हाय ते. एकटं असलं की पेटतं. सोडियमपाशी एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, त्याला द्यायची घाई. क्लोरीनला एक कमी, त्याला घ्यायची घाई. दोघांची गाठ पडली की दोघंबी थंड. पोटॅशियमचं बी तसंच. आता जल्दी पाज त्याला."

पहिला चमचा मी फुंकून पाजला. दुसरा त्यानं ओठ पुढं करून घेतला. संध्याकाळपर्यंत प्रेमसाहेबांनी चमचा हिसकून भिरकावला आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

रात्री जेवताना सासूबाई खुशीत होत्या. "पोरगी म्हणती ते बराबर हाय. आमचा मिथुन बी लग्नाआधी एका शब्दावर पेटायचा. आता पाण्यात टाका न्हाईतर तेलात, आवाज न्हाई. जोडीचा गुण."

लग्नाला चार वर्षं झाली, त्यांच्या तोंडून माझं कौतुक पहिल्यांदाच. मी फुशारून गेले.

"म्हणजे हे सोडियम झाले," मी म्हणाले. "मंग ह्यात क्लोरीन कोण?"

साक्षीनं पुस्तकात डोकं घातलं. सासूबाईंना एकदम प्रेमचं दुपटं आठवलं.

आणि ह्यांनी हात लांब करून खुंटीवरचं हेल्मेट काढलं.