बेनांव विहिरींची हकीकत

श्री विद्युद्देवता लेखन पुरें होईतों तरी प्रसन्न असो. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, चैत्र वद्य षष्ठीस राज्याचे सर्व्हरावर जें अरिष्ट गुदरलें तें आम्हीं डोळां देखिलें तैसें लिहितों. पदरचें घालणें आमचे स्वभावीं नाहीं. ते दिवशीं सकाळीं वीज गेली आणि आली आणि पुन्हा गेली, आणि सर्व्हर कांहीं लिहीत असतां मधेंच निजला, मग उठला तो भ्रमिष्ट होऊन. फाईल मागावी एक, द्यावी भलतीच, आणि विहिरींचें दफ्तर तर उघडेचना. हें दफ्तर द्वारकाबाई निमखेडकर यांचें. बाईंनीं बावीस वर्षें पाळीपाळीनें राज्यांतील तीनशें चौदा विहिरींत दोर सोडून पाणी मापिलें आणि लिहून ठेविलें. मूळ वह्या दिवाणसाहेबांचे हुकुमानें रद्दींत गेलेल्या, सर्व्हर आहे म्हणून! आणि आठां दिवसांनीं दरबारीं निवाडा होणार होता कीं, बाटलीबंद पाण्याचे कारखान्यास उपसा द्यावा कीं न द्यावा. पाणी खालीं चाललें यास पुरावा तो हाच. बाईंची पांचावर धारण बसली.

मग यंत्रखान्याचे दारोगा विसोबा तेरदाळकर यांणीं पाहणी करून दिवाणसाहेबांस अर्ज केला, "साहेब, डिस्कीवरील मांडणी बिघडली आहे. आधीं हुबेहूब नक्कल काढूं, मग दोन दिवस सर्व्हर बंद ठेवून तपासूं. तपासणी पदोपदीं विचारते, हें पुसूं काय, तें जोडूं काय. वाचून उत्तर द्यावें लागतें." दिवाणसाहेब रागें भरले. "दोन दिवस? परवां महाराजांचा वाढदिवस, त्याच्या तसबिरी सर्व्हर सोडून काय तुमचे डोईवर चढवूं? सगळ्यास होय म्हणा आणि सांजेचे आंत आटपा!" आतां या राज्याचा रिवाज सांगणें प्राप्त आहे. येथें वरिष्ठ बोलिले कीं 'जी' म्हणावें, दुसरा शब्द कोणास शिकविलाच नाहीं. विसोबांची तीस वर्षें चाकरी, जीभ तशीच वळलेली, सर्व जाणत असोन म्हणाले, "जी." आणि नक्कल न काढितां तपासणी लाविली, आणि यंत्र विचारीत गेलें आणि होय म्हणून उत्तर आपलेंच आपण घेत गेलें. दोन प्रहरीं पाहतात तों काय! दफ्तर म्हणून उरलें नाहीं. फायली एका ढिगांत पडल्या, नांवें गेलीं, अंगावर नुसते आंकडे.

दिवाणसाहेब आले आणि म्हणाले, "हा कचरा कसला? पुसा, तसबिरींस जागा पाहिजे." तितक्यांत बाई म्हणाल्या, "दारोगासाहेब, एक उघडा तर." उघडली. आंत तारखा आणि पाण्याचीं मापें, बाकी अक्षर नाहीं. बाईंनीं पडद्यावर बोट फिरविलें. "वैशाखांत कोरडी, आणि पाऊस लागतांच चार दिवसांत सोळा हात चढली. अहो, ही ओढ्याकांठची, सोनारांची! दुसरी उघडा. हीस कधीं खळ नाहीं, ही माळावरची." दिवाणसाहेब म्हणाले, "विसोबा, पुसतां ना?" विसोबांचे ओंठ संवयीनें हालले, आणि मग शब्द आला तो, "नाहीं." "काय म्हणालां?" "नाहीं, साहेब. सकाळीं जी म्हटलें तें चुकलें. आतां नाहीं." दिवाणसाहेब लाल झाले, परंतु करितात काय? पासवर्ड विसोबांपाशीं.

मग सहा दिवस बाई ओळखीत गेल्या आणि विसोबा नांवें घालीत गेले. निवाड्याचे दिवशीं दफ्तर दरबारीं वाचिलें. महाराजांनीं विचारिलें, "विहिरी तीनशें चौदा म्हणतां, येथें पांच उण्या कां?" विसोबा उठोन म्हणाले, "त्या माझ्यानें पुसल्या गेल्या." उरल्या पुराव्यावर उपसा नामंजूर झाला, आणि दिवाणसाहेबांनीं विसोबांस यंत्रखान्यांतून काढिलें.

एवंच, तीनशें नऊ विहिरी बाईंनीं ओळखिल्या, पांच एका 'जी'पायीं गेल्या. त्या पांचांचें माप पहिल्या ओळीपासून पुन्हा चालू आहे, वहींत. बाई लिहितात, दोर विसोबा सोडितात.