लाल काटा

पारखींना शिंक आली आणि काटा उडाला.

काटा म्हणजे सेकंदाचा. पापणीच्या केसासारखा बारीक आणि लालभडक. जुन्या, महागड्या घड्याळांच्या त्या दुकानात, मागच्या खोलीत बसून पारखी एकच काम करत. घड्याळातला कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून कुणी घुसडलेला, ते डोळ्याला भिंग लावून सांगायचं. बहुतेकदा 'हे बदललेलं आहे' असंच सांगावं लागे, आणि ऐकणाऱ्याचं तोंड असं काही उतरे, की दुकानात सगळे त्यांना नकारघंटा म्हणू लागले होते.

आजचं घड्याळ बाहेर बसलेल्या एका वयस्कर बाईंचं होतं. घड्याळ देखणं, फक्त हा लाल काटा कुठल्यातरी स्वस्त घड्याळातून आणून बसवलेला. त्याच्याखाली काय आहे ते बघावं म्हणून पारखींनी तो चिमट्यानं उचलला, आणि नेमकं तेव्हाच नाक हुळहुळलं.

त्यांनी पंखा बंद केला, बाह्या झटकल्या, टेबलाखाली रांगून पाहिलं. काटा गायब. शेवटी मालकांना आत बोलवावं लागलं.

"तो लाल ना? गेला ते बरंच झालं," मालक खोलीभर फेऱ्या मारत म्हणाले. "आपल्या कपाटात ह्याच बनावटीच्या घड्याळाचा, त्याच काळातला अस्सल काटा पडलाय. तो लावा. घड्याळ सुधारेल आणि आपली अब्रूही वाचेल."

"पण त्यांना सांगायला हवं."

"सांगू की. खूश होतील बाई."

पारखींचं मन धजत नव्हतं, पण बिनकाट्याचं घड्याळ परत द्यायलाही धजत नव्हतं. त्यांनी अस्सल काटा बसवला आणि ते मालकांच्या मागोमाग बाहेर आले.

बाईंनी घड्याळ हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

"हे आमचं नाहीये."

"तुमचंच आहे," मालक हसत म्हणाले. "उलट आता जास्त अस्सल झालंय."

"आणि लाल काटा?"

मालकांनी पारखींकडे पाहिलं. पारखींनी चपलांकडे.

"माझ्याकडून हरवला, बाई. शिंक आली."

बाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत जरा मागे टेकल्या. "मूळचा काटा तुटला, तेव्हा ह्यांनी मुलीच्या घड्याळातला काढून ह्यात लावला. माझा भुवयांचा चिमटा घेऊन. मुलगी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. घरातलं काही मोडलं की ह्यांना कोण आनंद व्हायचा. आता हे नाहीत. मी घड्याळ विकायला नाही आले हो. ह्यांचा हात कुठेकुठे लागलाय, तेवढं कळावं म्हणून आले."

"थांबा, पुन्हा शोधूया," पारखी म्हणाले. मग तिघंही मागच्या खोलीत शिरले. पारखींनी टेबल सरकवलं, बाईंनी पदर खोचून खोलीचे कोपरे धुंडाळले, आणि मालक, अंगाचा घेर विसरून, चारी पायांवर कपाटाखाली घुसले. बाहेर उरले ते फक्त त्यांचे बूट, तळवे वर करून.

"हलू नका," बाई म्हणाल्या.

"का? पाल आहे का?"

"काटा आहे. तुमच्या बुटाच्या खाचेत."

पारखींनी मालकांचा पाय घट्ट धरला आणि चिमट्यानं काटा अलगद सोडवला. "जरासा वाकलाय," ते अपराधी आवाजात म्हणाले.

"तो पहिल्यापासूनच वाकडा आहे. फार उपकार झाले तुमचे."

हरवणाऱ्याचेच कुणी आभार मानावेत, हे पारखींना नवीन होतं. त्यांनी लाल काटा जागेवर बसवला, तो लंगडत फिरू लागला, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणखी काय काय बदललंय?" त्यांनी विचारलं.

पारखींनी भिंग लावलं. आयुष्यात कधी नव्हे एवढ्या आशेनं ते घड्याळ तपासू लागले. "मागच्या झाकणाचा हा स्क्रू दुसऱ्याच घड्याळाचा आहे," ते उजळ चेहऱ्यानं म्हणाले. "खाच तर चक्क सुरीनं पाडलेली दिसते."

"ह्यांचंच काम," बाई हरखून म्हणाल्या. "आणि तबकडी?"

पारखी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"माफ करा, बाई. तबकडी मूळचीच आहे."

"असू दे," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्ही तरी काय करणार."