दगडाची निगा

माझ्या हाताला यश नाही, असं माझ्या बायकोचं, म्हणजे भानुमतीचं, ठाम मत आहे आणि ते तिनं पुराव्यानिशी बनवलेलं आहे. मी लावलेला मोगरा वाळला. मी आणलेला पोपट मीच पिंजरा पुसत असताना उडाला. कुंडीतल्या कोरफडीला तर मी इतकं जपलं की ती कुजली. (कोरफड कुजवणं सोपं नसतं. त्याला चिकाटी लागते.) त्यामुळं अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात व्यंकटराव सर एक दगड पोटाशी धरून आमच्या दारात आले आणि, "अनंतराव, तीन महिने एवढं सांभाळाल का?" म्हणाले, तेव्हा मी भानुमतीकडं न बघताच हो म्हणून टाकलं. दगडाचं कोण काय बिघडवणार?

सर आमच्याच गल्लीत, उस्मानपुऱ्यात राहायचे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं नवरा-बायको नागपूरला निघाले होते. दगड काळा कुळकुळीत, दोन नारळांएवढा, खुलताबादच्या डोंगरावरून आणलेला.

"दगडाचं काही नाही," सर म्हणाले, "त्याच्या अंगावर जो जीव आहे त्याला जपायचं. दगडफूल माहीत आहे ना?"

"मसाल्यातलं?" भानुमतीनं विचारलं.

"तेच. त्याचा हा धाकटा भाऊ समजा. अंगठ्याच्या नखाएवढी राखाडी चकती, कडेला जराशी हिरवट झाक. बारा वर्षं मोजतोय मी. दिवाळीनंतर शेवटचं मोजमाप घेतलं की पेपर छापायला जाईल. नागपूरला नेलं असतं, पण रेल्वेचा धूर त्याला सोसत नाही."

मग सरांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून मी खरोखर चकित झालो. ती चकती म्हणजे एक झाड नव्हतंच. ते दोन जीव होते, एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, दगडाला घट्ट धरते, ओल राखते. शेवाळ त्या घरात बसून उजेडावर दोघांचा स्वयंपाक करतं. वेगळं केलं तर त्या उघड्या कातळावर दोघांपैकी एकाचाही निभाव लागत नाही. माती नको, खत नको. उन्हाळ्यात वाळून मेल्यासारखं पडतं आणि चार थेंब पडले की पुन्हा जागं होतं. आणि वाढ वर्षाला एक मिलिमीटर, तीही मनात आलं तर.

"म्हणजे एकजण घर धरून बसतो आणि दुसरी रांधत राहते," भानुमती म्हणाली. "ह्यात शोध लावण्यासारखं काय आहे, सर? आमच्याकडं रोज चालू आहे."

सरांनी पथ्यं सांगितली. जागा उत्तरेची, थेट ऊन नको. नळाचं पाणी नको, त्यात ब्लीचिंग पावडर असते. विहिरीचं पाणी, तेही सकाळी चार थेंब. साबण, धूर, तेल ह्यातलं काही जवळ येता कामा नये. आणि हात लावायचा नाही. एवढं सांगून सर गेले आणि स्वयंपाकघरात जाता जाता भानुमती मला म्हणाली, "त्यांची बारा वर्षं तुमच्या हातात आहेत. मला तर बाई धडकीच भरलीय."

मी मनाशी ठरवलं की हा जीव जगवायचाच. निदान एक तरी.

घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, एखाददुसरं कबुतर बसायचं त्या पत्र्याच्या आडोशाला, मी दगड नीट बसवला. हवा खेळावी म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चकती शोधून ती माझ्याकडं केली. पाटबंधारे खात्यात मी आवक-जावक शाखेला असल्यामुळं (आत्तापर्यंत माझ्या हातून एकही कागद मेलेला नाही) नोंदींची सवय होती. मी एक वही सुरू केली. रोज पहाटे उठायचं, विहिरीवर अंघोळ करायची, हाताला साबणाचा अंश नको म्हणून आधी बिनसाबणाची अंघोळ, मग दगड. ओला पंचा नेसून, अनवाणी, तांब्यातलं पाणी पळीनं थेंब थेंब सोडायचं. मग गुडघ्यावर बसून भिंग लावायचं, पट्टी धरायची आणि आकडा विसरू नये म्हणून वहीपर्यंत पुटपुटत जायचं. अकरा पूर्णांक दोन, अकरा पूर्णांक दोन.

हळूहळू मला त्याची गोडी लागली. ऑफिसात फाईल उघडली तरी डोळ्यांपुढं चकती यायची. ती आज जागी असेल का, घर कोण बांधत असेल, रांधणारं शेवाळ दमत असेल का, असले प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पडायला लागले. डोंगरावर कुणाचंही लक्ष नसताना दोघं एकमेकांना धरून पन्नास पन्नास वर्षं काढतात, ह्या विचारानं एकदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (भानुमतीनं कांदा चिरतेय का कुणी, म्हणून इकडं तिकडं बघितलं.)

आमच्या कमरेएवढ्या कुंपणापलीकडं द्वारकाबाई राहायच्या. शेतकरी घर, मळा पैठण रोडला, मुलगा बद्रीनाथ शहरात नोकरीला. त्या आठ दिवस गहू निवडता निवडता माझ्याकडं बघत होत्या. नवव्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काय वो भाऊ, कोणता देव बसवला म्हणायचा ह्यो?"

"देव नाही हो, द्वारकाबाई. दगड आहे."

"दगडच असतुया समदीकडं. पर हाय कोण?"

आता मी थांबायला हवं होतं. पण माणसाला नवीन ज्ञान झालेलं असलं की तो थांबत नाही. मी म्हणालो, "ह्याच्यात दोन जीव आहेत. जोडी आहे. एकमेकांवाचून राहत नाहीत. ऊन असो, दुष्काळ असो, दगडावर सुद्धा संसार करतात."

द्वारकाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "जोडीनं हाय व्हय," त्या हळूच म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्यांनी कुंपणावरूनच हात जोडले.

मागाहून कळलं की बद्रीनाथची बायको भांडून फर्दापूरला माहेरी जाऊन दोन महिने झाले होते. द्वारकाबाईंनी जोडीला नवस बोलला आणि चौथ्या दिवशी सून टांग्यातून उतरली. आता महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या, मराठवाड्यात कुठली सून महालक्ष्म्यांना सासरी येत नाही? मी हे द्वारकाबाईंना समजावून सांगितलं.

"तसं नाय, भाऊ. मागल्या सालच्या महालक्ष्म्यांना नाय आली ती," त्या म्हणाल्या. मी तांब्या-पळी उचलून घरात आलो.

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरेना. गल्लीतली साळूबाई नवऱ्याची दारू सुटावी म्हणून आली. वच्छलाबाई सुनेला वेगळं राहायचं होतं ते डोक्यातून जावं म्हणून आल्या, आणि त्यांच्या मागोमाग सून वेगळं राहायला मिळावं म्हणून येऊन गेली. कुणी साखर ठेवायचं, कुणी पुरणाचा गोळा. नैवेद्य टिपायला पत्र्यावर कबुतरांचा थवा जमायला लागला. मी ओरडून सांगितलं की हळद नको, कुंकू नको, तेल तर अजिबात नको, त्याला बाधतं. त्याचा परिणाम एवढाच झाला की देव कडक आहे अशी ख्याती झाली.

पण एक गोष्ट मला आतून सुखावत होती. चकती वाढत होती. अकरावरून तेरा झाली, तेरावरून पंधरा. मी भानुमतीला वही दाखवली.

"सर वर्षाला एक म्हणाले होते ना?" ती म्हणाली.

"सरांनी नुसतं मोजलं. मी माया केली," मी म्हणालो आणि सरांना सविस्तर पत्र टाकलं की आपली चकती दोन महिन्यांत चार मिलिमीटर वाढलेली आहे. उलट टपाली कार्ड आलं. "हे अशक्य आहे. रविवारी सकाळी पोचतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून मी सायकल हाणत घरी आलो, तर दगडासमोर उदबत्ती आणि दगड समोरून वरपासून खालपर्यंत शेंदरानं लाल. तेलात कालवून, जाड थापलेला. बाजूला द्वारकाबाई आणि त्यांची सून, दोघी हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या.

"फेडला नवस," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमी लई निगा राखली, भाऊ. तुमचं बी भलं हुईल."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. सून घरी आली होती, तिनं सासूचा हात धरला होता, त्यांना काय बोलणार? मी मटकन ओट्यावर बसलो. चमच्यानं शेंदूर खरवडावा म्हणून उठलो, तर भानुमतीनं हातातून चमचा काढून घेतला. "राहू द्या. होतं नव्हतं ते पण जाईल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच कोरफडीचं नाव न काढता तिनं मला चहा करून दिला. मला खूप वाईट वाटलं. सरांची बारा वर्षं तर होतीच, पण त्या नखाएवढ्या संसारावर माझा खरोखर जीव जडला होता.

रविवारी सर थेट स्टेशनवरून आले. मी काही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. सरांनी शेंदराकडं एकदा बघितलं, खाली बसले आणि दोन्ही हातांनी दगड फिरवला.

मागच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून, राखाडी चकती बसली होती. कडेला स्वच्छ हिरवी झाक. ना तेल, ना हळद, ना एक ओरखडा. सरांनी खिशातून भिंग काढलं, पट्टी लावली, पुन्हा लावली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "डोंगरावर सुद्धा इतकी टवटवीत नव्हती. पण अनंतराव, मग तुम्ही दोन महिने काय मोजत होता?"

मी वही पुढं केली. सरांनी ती शांतपणे वाचली. राखाडी, गोल, कडेला हिरवट. नैवेद्य सुरू झाल्यापासून वेगानं वाढ. मग त्यांनी मान वर करून पत्र्याच्या कडेला ओळीनं बसलेल्या कबुतरांकडं बघितलं. मीही बघितलं. त्यातल्या एकानं आमच्यादेखतच वाढ केली.

सरांनी वही मिटून मला परत दिली. मग ते दगड उचलून निघाले, तशी भानुमती दारापर्यंत त्यांच्यामागं गेली.

"पुढच्या खेपेला गावाला जाताना दगड आमच्याकडंच ठेवा, सर," ती म्हणाली. "फक्त ह्यांना सांभाळायला म्हणून दुसरा एखादा आणत जा."