काजूच्या राज्यातील कुलपाच्या मोहिमेची बखर

ज्या गावदेवीच्या देवळास दारच नाही, तिचे आधी स्मरण. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासी डोंगरउतारावरील काजूच्या राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. धनी कैलासवासी जाहलियावर वत्सलाबाईसाहेब देसाई तेथे एकट्या राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे कौलारू घर, गोठा, गोठ्यात एक गाय आणि बाकी अवघा काजू. अंगणातून रानाकडे जाणारी पायवाट पूर्वापार सर्वांस मोकळी, आणि शेजारीण तुळसा गावडे रोज त्या वाटेने जाताना "काकी, हायसा न्हवं?" ऐसी हाक घाली. बाईसाहेब आतून "आहे गं, मेले नाही अजून" म्हणत. ओ आली नाही तर तुळसा आत डोकावून पाही. पहारा काय तो इतकाच.

मग पलीकडच्या वाडीतून कोणाच्या कोंबड्या गेल्या. चोराने नेल्या की कोल्ह्याने, हे कोणी पुसले नाही. वार्ता शहरी पुतणे विश्वजीतराव यांस पोहोचली आणि राव, जे दिवाळीसही काकींकडे फिरकत नसत, ते मोटार भरून सरंजाम घेऊन दाखल जाहले. चहूकडे काटेरी तार ओढली, खांबोखांबी कॅमेरे बसविले, छपरावर भोंगा चढविला, आणि दारास व फाटकास बोटाचा ठसा ओळखून उघडणारी कुलपे लाविली. मग पायवाट पाहून राव बोलिले की, हा तर शत्रूचा राजमार्ग, बंद करा. बाईसाहेबांस ते रुचले नाही, परंतु एकटेपणाचे भय मनात शिरले होते आणि पुतण्या आला याचेही अप्रूप होते, म्हणोन मान डोलाविली. अडीनडीची साधी किल्ली होती, ती रावांनी जपून घरातल्याच कपाटात ठेविली. धन्य ती अक्कल!

तुळसा तारेबाहेरच्या लांबच्या वाटेने जाऊ लागली, हाक मात्र सोडली नाही. वाट अडविल्याची बाईसाहेबांस लाज वाटे, म्हणोन त्या ओ देत ना. तारेपलीकडून तुळसा डोकावणार तरी कशी, तीही हाक मारून पुढे जाई. भोंगा वानरे दिसली की ठणाणा करी. वाडीचे लोक आधी काठ्या घेऊन धावले, मग "वानरं असतील" म्हणोन जागचे हलेनात. राव शहरातून फोनवर अहोरात्र पहारा देणार होते, त्यांनीही कटकट नको म्हणोन फोनचा आवाज बंद करून टाकिला.

ऐशात फाल्गुन आला आणि बाईसाहेब ओले काजूगर सोलावयास बसल्या. त्या चिकाने बोटांची सालटे निघतात हे त्या मुलखातले शेंबडे पोरही जाणते, फक्त बोटांचे कुलूप लावणारे सरदार जाणत नव्हते. एके दिवशी तिसरे प्रहरी बाईसाहेब गाईस वैरण घालून परतल्या, तो वाऱ्याने दार आपटून कुलूप बसलेले. बोट लाविले, कुलूप ओळख देईना. दुसरे लाविले, तेही परके ठरले, आणि भोंगा चोर चोर म्हणोन बोंबलू लागला. घर कोणाचे आणि चोर कोण! त्यात वैरणीच्या धुळीने जुना दमा उसळला. दम्याचा पंप आत, फोनही आत. बाईसाहेबांनी कॅमेऱ्यापुढे हात हालविले, ते कॅमेऱ्याने नीट टिपून ठेविले. कोणी आले नाही. मग त्या पायरीवर बसल्या, आणि आता येथेच मरण म्हणोन त्यांस फार भय वाटले.

भोंगा बोंबलून गप्प जाहला, इतक्यात तारेपलीकडून नित्याची हाक आली. बाईसाहेबांनी उरलासुरला श्वास गोळा करून "आहे गं" इतकेच म्हटले. तुळसा थबकली. महिनाभर न आलेली ओ आज आली, म्हणजे काही खरे नाही, ऐसे तिने ताडले. काजू पाडावयाच्या हातातल्या आकडीच्या काठीने तार उचलली, लुगडे फाडीत खालून सरपटत आली, गोठ्यातली पहार घेऊन दाराच्या कुलपाचा चेंदा केला आणि पंप आणोन बाईसाहेबांच्या हाती दिला.

दिवेलागणीस रावांचा फोन आला. "काकी, कॅमेऱ्यात एक बाई कुलूप फोडताना दिसतेय. पोलिसांत देऊ का?"

बाईसाहेब म्हणाल्या, "तिच्या मागे पायरीवर कोण बसलंय, ते दिसलं का रे तुला?"



येणेप्रमाणे मोहीम समाप्त. शत्रू आलाच नाही, अवघ्या सरंजामाने मिळोन अडविले ते घरच्या धनिणीस. तार निघाली, तुळसास नवे लुगडे दिले, पायवाट मोकळी जाहली. दुसरे दिवशी हाक आली, आणि ती विरण्याआधी आतून ओ गेली.