पहिले अंगठा, मंग फोटो

महाल भागातल्या आमच्या गल्लीत सदुभाऊंच्या फोटो स्टुडिओची पायरी चढलात की आतून हुकूम सुटायचा, "पहिले अंगठा, मंग फोटो!" नवखं माणूस तिथेच दचकायचं. रामटेककडचे एक पाटील मुलीचा लग्नासाठी फोटो काढायला आले होते. अंगठा म्हटल्याबरोबर त्यांनी हात धोतराच्या सोग्यात लपवला. "कोऱ्या कागदावर अंगठा नाही देत बा मी! चाल वं पोरी!" त्यांना चौकातून परत आणताना सदुभाऊंची पुरती दमछाक झाली.

अंगठा म्हणजे अंगठ्याएवढा नमुन्याचा फोटो. कुठलाही फोटो मोठा करण्याआधी सदुभाऊ त्याचा अंगठा काढणार, गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवणार आणि 'हो, हा मीच' असं त्याच्याकडून वदवून घेणार. मला म्हणायचे, "लहान्यात माणूस ओळखू आलं पाह्यजे, गुरुजी. मोठ्यात तं म्हैसबी ओळखू येते."

या अंगठ्यांची एक लांबरुंद काचेची चौकट स्टुडिओच्या भिंतीवर होती. अख्खी गल्ली तिच्यात टाचलेली. माझाही एक अंगठा होता, त्यात मी पाकीटमार दिसत असे. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "मूळच तसं हाय, मी काय करू?"

चौकटीतला एकच अंगठा मात्र टिकत नसे. रामटेकच्या जत्रेतला, कुठल्याशा कुटुंबाचा घोळका. लावला की थोड्याच दिवसांत तांबूस पडायचा, मग पुसट व्हायचा. सदुभाऊ नवा करून लावायचे, त्याचीही तीच गत.

गल्लीत वैद्य कमी नव्हते. शेजारचे शिंपी मारोतराव छातीठोकपणे म्हणायचे, "भिंतीत ओल हाय ओल!" मी पडलो शाळामास्तर, दुसऱ्याची चूक सापडल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी त्या अंगठ्याची जागा बदलायला लावली. उन्हाची तिरीप नको म्हणून दाराला पडदा लावायला लावला. मे महिन्यात नळाचं पाणी पोळतं, म्हणून फोटो धुवायला आमच्या माठातलं पाणी नेऊन दिलं. तेव्हा आमची ही कडाडली, "घरात प्यायले पाणी नाही, अन् यायचे फोटो आंघोळ करून राहिले!" त्याच पाण्यात धुतलेले बाकीचे अंगठे ठणठणीत राहिले. हा एकटा पुन्हा तांबूस.

एका सकाळी मी शाळेच्या वाटेवर आत डोकावलो. सदुभाऊ फोटो पक्का करायचं औषध कालवत होते. कालवता कालवता उठले, चौकटीची काच सरकवली आणि हाताचा तसाच ओला अंगठा जत्रेतल्या त्या अंगठ्याच्या कोपऱ्यावरून फिरवला. हळूच, बाळाच्या गालावरून फिरवावा तसा.

"सापडला!" मी ओरडलोच. "अहो, औषधाचा हात! तुमच्याच अंगठ्याने अंगठा खाल्ला की!"

मी पोट धरून हसलो. सदुभाऊ हसले नाहीत. म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. त्या घोळक्याच्या मागे, अगदी कडेला, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. शांतावहिनी.

वहिनींना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. जत्रा असो की लग्न, नवऱ्याची पिशवी त्याच वाहायच्या. "मले काढा न एकदा," असं आमच्यादेखत म्हणायच्या, आणि सदुभाऊ म्हणायचे, "रोल उरला का तुलेच काढतो वं." रोल कधी उरला नाही. शेवटच्या फोटोला कोणी ना कोणी गिऱ्हाईक यायचंच.

"मग तेवढंच मोठं करून लावा ना," मी म्हणालो.

त्यांनी खणातून एक मोठा फोटो काढला. त्यावर नुसते काळे-पांढरे ठिपके होते, मूठभर रवा सांडल्यासारखे. "मोठं केलं का निघून जाते, गुरुजी. एवढ्याशातच रायते."

मला फार वाईट वाटलं. पण मास्तरकी सुटते थोडीच? मी घरून साबणाची वडी आणून त्यांच्या हातात दिली. "आधी हात धुवायचा, मगच तिला लावायचा. बघा, जन्मभर टिकेल."

सदुभाऊंनी वडी हातात फिरवली. "टिकला तं मंग नवा काहून करीन मी?"

मला कळलं नाही. ते चौकटीकडे बघत बोलले, "आत लाल दिव्यात कागद कोरा रायते न. औषधाच्या पाण्यात टाकला का पहिले ते घोळकावाले येते. मंग, सगळ्यायच्या मागून, शांता येते. पिशवी घेऊन. तेवढं तिले येताना पाह्यले भेटते."

साबणाची वडी त्यांनी कोनाड्यात ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात अंगठा पुन्हा तांबूस दिसला. मारोतराव काचेवर बोट ठेवून म्हणाले, "मी सांगून राहिलो न गुरुजी, ओल हाय."

"हो मारोतराव," मी म्हणालो, "ओलच आहे."